पदवी असताना नागपूर शहर पोलिसात शिपाई म्हणून भरती व्हावं का?

उमरेडची २३ वर्षांची मुलगी, बीएस्सी झालेली, मैदानी तयारी सुरू. घरचे म्हणतात, पदवी घेऊन शिपाई कशाला होतेस, थांब आणि फौजदाराची परीक्षा दे. आणि वरून धास्ती, की एवढ्या मोठ्या शहरात पोलिसाचं काम मुलीला झेपेल का. तुझा प्रश्न एवढा आहे. वयाने मोठी आहे म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नको. मी नागपूर शहरात हवालदार आहे. बीए करून शिपाई म्हणून लागले. हे ‘शिपाई कशाला’ मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की तुझा प्रश्न वाचून पुढे जाता आलं नाही.

माझ्या घरी हे वाक्य मोठ्या भावाचं. चुलत बहिणीच्या साक्षगंधात मुलाकडच्या बायकांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही काय करते? दादा म्हणाला, पोलीस खात्यात आहे. त्यांनी पद विचारलं तर म्हणाला, ऑफिसात असते. मी तेव्हा रात्रपाळ्या करत होते, समन्स-वॉरंट घेऊन गल्ल्या पालथ्या घालत होते. मी तिथेच सांगितलं की मी शिपाई आहे. घरी आल्यावर दादा चिडला. “काहून सांगून राहिली तू सगळ्यायले? शिपायाच्या हातात असते काय? सलाम ठोकायचा अन् बंदोबस्ताले उभं राहायचं.”

शिपायाच्या हातात काय असतं, ते त्याच उन्हाळ्यातल्या एका मर्गावरून, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदीवरून सांगते.

नवतपा सुरू होता. मे संपता संपता नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की रस्त्यावर राहणारी माणसं दगावतात. दुपारी कंट्रोलवरून कॉल आला, कॉटन मार्केटच्या बाजूला फुटपाथवर एक इसम पडून आहे. ठाण्यातले एक जुने जमादार आणि मी गेलो. माणूस संपलेला होता. साठीच्या आसपासचा, हाडकुळा, हाताला घट्टे. ओळखपत्र नाही, मोबाईल नाही, चिठ्ठीचपाटी काही नाही. मर्ग दाखल झाला. तेव्हा त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ लागायचं, नव्या कायद्यात ते १९४ झालंय. पंच मिळेनात. भर उन्हात बेवारस मयताजवळ उभं राहायला कोण तयार होतं? शेवटी एक भाजीवाला आणि एक रिक्षावाला तयार झाले. लिहायचं काम माझ्याकडे आलं.

जमादारांनी मला तिथे जे शिकवलं ते प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. मी लिहीत होते, ‘अंगात मळकट पांढरा शर्ट’. ते म्हणाले, “असं नको लिहू. असे शर्ट अर्ध्या नागपूरच्या अंगात हायेत. उलटून पाय.” मी कॉलर उलटली. आतून टेलरचं लेबल शिवलेलं होतं, धुऊन धुऊन पांढरं पडलेलं. वरची ओळ गेलेली. ‘टेलर्स’ एवढं वाचता येत होतं, आणि त्याखाली गावाच्या नावातलं शेवटचं अक्षर ‘णी’. डाव्या बाजूला आतून एक चोरखिसा होता, दुहेरी शिलाईचा, वरून झडप असलेला. रिकामा. हे सगळं पंचनाम्यात घेतलं, लेबलाचे आणि खिशाचे जवळून फोटो काढले. मग आजूबाजूच्यांचे जबाब. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं की हा माणूस सकाळी टपरीशी आला होता, डोकं धरून बसला, त्याला दोन ग्लास पाणी पाजलं, मग तो उठून गेला. तेही लिहून घेतलं.

बॉडी मेयो हॉस्पिटलला पाठवली. वारस मिळाला नाही तर काही दिवस वाट पाहून आम्हीच माती देतो, अशी कितीतरी माणसं या शहरात जातात. पण ते ‘णी’ माझ्या डोक्यात बसलं होतं. वणी, आर्णी, परभणी. परभणी लांब पडते, म्हणून आधी यवतमाळ जिल्ह्यातली दोन ठाणी धरली. दोन्हीकडे फोन लावले, फोटो पाठवले, विनंती केली की बाजारातल्या टेलरना दाखवा. आर्णीकडच्या एका शिपायाने ते काम अंगावर घेतलं. त्याची माझी ओळख नाही, आजपर्यंत भेट नाही. तो त्या उन्हात गाडी काढून दुकानादुकानांत फिरला. एका म्हाताऱ्या टेलरने लेबल पाहिलंच नाही, खिसा पाहिला आणि म्हणाला, ही झडप माझ्या हातची आहे. नागपूरला हमालीला जाणाऱ्या एका माणसाने पैसे सांभाळायला मुद्दाम शिवून घेतली होती. गावाचं नाव मिळालं. तिथल्या पोलीस पाटलांनी फोटो घरी नेऊन दाखवला.

त्याची बायको आणि जावई रात्रीच्या एसटीने गणेशपेठच्या स्टँडवर उतरले. मी त्यांना मेयोला घेऊन गेले. ओळख पटली, सह्या-अंगठे झाले. बाहेर आल्यावर त्या बाईने मला एकच विचारलं, “त्यायले पानी तरी भेटलं होतं का वं बाई?” मी सांगितलं, हो मावशी, सकाळी चहावाल्याने बसवून पाजलं होतं, त्याने तसं सांगितलंय. मला हे सांगता आलं, कारण जबाबात ती ओळ होती.

आता मोज. लेबल पाहायला लावणारा जमादार, फिरणारा शिपाई, गावचा पोलीस पाटील आणि मी. यात खांद्यावर तारे असलेलं कोणी नव्हतं. मी दादाला हे सांगितलं तर म्हणाला, “बरं केलं, पण कागदावर नाव साहेबाचंच लागलं असन.” लागलं ना. तपास अधिकाऱ्याची सही लागतेच, आणि चांगला साहेब असला तर ती सही मोलाची असते, वाईट असला तर तुझं केलेलं पाण्यात जातं, हेही खरं आहे. पण त्या माणसाला स्वतःच्या गावची माती मिळाली ती त्या सहीमुळे नाही. दादा पुण्यात फौजदाराच्या परीक्षेसाठी वर्षामागून वर्षं राहिला. आईने त्याच्यासाठी दागिने मोडले. मुख्य परीक्षेपर्यंत गेला, पुढे झालं नाही. माझा भाऊ आहे, मला त्याचं वाईट वाटतं. पण त्याच्या न झालेल्या पदाच्या मापाने माझं झालेलं काम मोजायचा हक्क मी त्याला दिलेला नाही. तुझ्या घरचे आज जे बोलतात ते मला तंतोतंत तसंच ऐकू येतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. अर्ज भर. फौजदाराची परीक्षा द्यायची तर नोकरीत राहूनही देता येते, आणि ठाण्यात दोन-तीन वर्षं काढलेल्या मुलीला फौजदार म्हणजे काय ते नीट कळलेलं असतं. घरी बसून थांबू नको. खुल्या प्रवर्गात शिपायासाठी २८ ही वयोमर्यादा आहे, मागासवर्गीयांना पाच वर्षं जास्त, आणि मधली वर्षं क्लासच्या खोलीत कशी जातात ते मी घरात पाहिलंय. घरच्यांना हेही सांग की फौजदार झालीस तर नाशिकच्या अकादमीतून निघून महाराष्ट्रात कुठेही जावं लागेल, गडचिरोली म्हण की मुंबई. शिपाई ज्या घटकात, म्हणजे ज्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या पोलीस दलात लागतो, त्याची बदली शक्यतो त्याच घटकात होते. उमरेडच्या मुलीला नागपूर शहर म्हणजे आईबापापासून तासाभराच्या अंतरावर.

शहर की ग्रामीण, हे मात्र नीट ठरव. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, त्यामुळे नंतर मन बदलून चालत नाही. ग्रामीणला हद्दी लांबच लांब, माणसं कमी, एका शिपायाकडे अनेक गावं. शहरात बंदोबस्त. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीपासून सुरू होतो, मग गणपती विसर्जन, मग दसरा. एकाच दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं आणि रेशीमबागेत संघाचा कार्यक्रम. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. जामठ्याला क्रिकेटची मॅच लागली तर ती वेगळी. मोर्च्यात महिला शिपाई पुढच्या रांगेत असते, कारण समोर बायका असतात आणि त्यांच्या कडेवर लेकरं असतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, त्यात बायका-लेकरं किती होती. त्यांचं स्मारक झिरो माईलजवळ आहे. भरती झालीस की पहिल्या अधिवेशनाआधी तिथे जाऊन ये. गर्दी रेटायला लागली की आपण काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे ज्याला तिथे उभं राहून कळत नाही त्याने या नोकरीत येऊ नये.

झेपेल का म्हणशील तर गुंडांची भीती मनातून काढून टाक, त्यांच्यासमोर तू एकटी जात नाहीस. झेपत नाही ते उभं राहणं. पाय सुजतात, कंबर जाते. बंदोबस्तात बायकांना लघवीला जागा नसते म्हणून मुली पाणीच पीत नाहीत आणि पुढे मूत्रखड्याचं दुखणं घेऊन बसतात. तू पाणी पी. जवळच्या घरात, दुकानात, हॉटेलात हक्काने विचार, नागपूरची बाई वर्दीतल्या पोरीला नाही म्हणत नाही. महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी २०२१ मध्ये आपल्या नागपुरातच आधी सुरू झाली आणि मग राज्यात गेली, याचा मला अभिमान आहे. आमच्या आधीच्या बायकांनी बारा-बारा तास करून लेकरं वाढवली. पण दसरा आणि अधिवेशनात आठ तासांचा हिशोब मनात धरून घरून निघू नको. २०२२ मध्ये किरकोळ रजा १२ वरून २० केल्या, त्या मिळतात, फक्त तुला हव्या त्या दिवशी मिळतीलच असं नाही. दिवाळी दुसऱ्या दिवशी करायची तयारी घरच्यांची करून ठेव.

पगाराचं म्हणशील तर मूळ वेतन २१,७०० पासून, वर भत्ते. जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नाही, तेवढं डोळे उघडे ठेवून ये. भरतीसाठी कोणी ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणून पैसे मागितले तर वडिलांना शेत गहाण टाकू देऊ नको. मैदानाचे ५० आणि लेखीचे १०० गुण असतात, नाव त्यातूनच लागतं.

कोणी येऊ नये? ज्याला दरडावून बोललेलं अजिबात सहन होत नाही त्याने. इथे वरून बोलणी बसतात, लोकही बोलतात. ज्याला रक्त, सडलेली बॉडी, जळालेली बाई पाहून त्याच रात्री जेवता येणार नाही त्याने घाबरायचं कारण नाही, मलाही पहिल्या वर्षी जेवण जात नव्हतं. पण ज्याला ते पाहून काहीच वाटत नाही त्याने येऊ नये असं माझं ठाम मत आहे. आणि लग्न ठरलेलं असेल तर रात्रपाळीचं आधीच बोलून घे. माझ्या सोबतच्या दोघींनी ते लग्नानंतर सांगितलं आणि एकीची नोकरी सुटली.

हे सगळं माझ्या अनुभवाचं आहे. तुझ्या घरी आजारपण असेल, धाकट्या भावंडांचं तुझ्याकडे असेल, तर हिशोब वेगळा होईल, तो तूच कर. तयारीचं एकच सांगते. ८०० मीटर सगळ्याच मुली पळतात, त्यात फार फरक पडत नाही. गुण जातात ते गोळ्यात. चार किलोचा गोळा आजच विकत घे आणि रोज फेक.