डॉसचे जुने प्रोग्रॅम, नवा संगणक आणि सिरियल पोर्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भोसरीत आमचे डाय-मोल्डचे छोटे वर्कशॉप आहे. तेथील व्हीएमसीवर (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या उभ्या कटिंग मशीनवर) फानुक कंपनीचा जुना कंट्रोलर असून त्याची मेमरी कमी असल्याने मोठे प्रोग्रॅम संगणकावरून थोडे थोडे पाठवत जॉब करावा लागतो. हे काम डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचा एक प्रोग्रॅम अनेक वर्षे बिनतक्रार करत आला आहे. आता तो जुना संगणक अधूनमधून सुरूच होत नाही. नव्या संगणकावर विंडोज ११ आहे. त्यावर डॉसबॉक्स घालून आणि यूएसबीचे सिरियल अ‍ॅडॉप्टर जोडून पाहिले. छोटे प्रोग्रॅम नीट जातात, मोठा मात्र मध्येच थांबतो आणि ०८७ क्रमांकाचा अलार्म येतो. वेग सेकंदाला ४८०० बिट असताना असे क्वचित होते, ९६०० केला की हमखास होते. दोष केबलचा आहे का? की आता मशीनच बदलावे?

उत्तर : मशीन बदलू नका, आणि केबललाही इतक्यात दोष देऊ नका. वेग वाढवला की अलार्म हमखास येतो, हे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण त्यावरूनच दुखणे कोठे आहे ते कळते.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत सिरियल पोर्टचे, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीचे, काम ८२५० नावाची चिप करत असे. बायोसमधून (संगणकात कायम असलेल्या मूळ प्रोग्रॅममधून) हा पोर्ट वापरण्याची सोय होती, पण ती ९६०० च्या वर जात नव्हती आणि इंटरप्टचा (प्रोसेसरला हाक मारणाऱ्या संकेताचा) उपयोगही करत नव्हती. त्यामुळे त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक चांगल्या प्रोग्रॅमरने बायोसला बाजूला ठेवून थेट चिपच्या रजिस्टरांत (चिपमधील छोट्या नोंद-जागांत) वाचन-लेखन करणे पसंत केले. पहिल्या पोर्टचा पत्ता हेक्समध्ये ३एफ८ आणि इंटरप्ट ४, दुसऱ्याचा पत्ता २एफ८ आणि इंटरप्ट ३, असे ठरून गेलेले होते. आपला प्रोग्रॅमही बहुधा याच पत्त्यावर चिप आहे असे गृहीत धरून लिहिलेला असणार. ३२-बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी एनटीव्हीडीएम नावाचा भाग होता आणि तो या पत्त्यांची नक्कल करत असे. विंडोज ११ मात्र केवळ ६४-बिट असते, त्यात हा भाग नाही. म्हणून डॉसबॉक्स लागतो, जो प्रोसेसरपासून सिरियल चिपपर्यंत सारा जुना संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो.

नक्कल उत्तम असली तरी वाट लांबते. मशीनकडून आलेला प्रत्येक संकेत अ‍ॅडॉप्टर, यूएसबी, विंडोजचा ड्रायव्हर आणि डॉसबॉक्स असा प्रवास करून आपल्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतो. कंट्रोलरचा बफर (आलेली अक्षरे साठवण्याची जागा) भरत आला की तो ‘थांबा’ या अर्थाचे १९ क्रमांकाचे अक्षर पाठवतो, जागा झाली की १७ क्रमांकाचे. ‘थांबा’ सांगितल्यानंतरही १० पेक्षा अधिक अक्षरे येत राहिली तर फानुक कंट्रोलर ०८७ हा अलार्म देतो. आता हिशेब पाहा. सात डेटा बिट, सम पॅरिटी (चूक तपासण्याचा एक बिट) आणि दोन स्टॉप बिट अशी नेहमीची मांडणी धरली तर सुरुवातीच्या बिटासह एका अक्षराला ११ बिट लागतात, म्हणजे ४८०० वेगाला एका अक्षरास सुमारे २.३ मिलिसेकंद. एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या अ‍ॅडॉप्टरांत मुळात १६ मिलिसेकंदांची लेटन्सी (थांबून राहण्याची वेळ) ठरवलेली असते. एकटेदुकटे अक्षर आले तर ते तेवढा वेळ अडवून धरले जाऊ शकते. तेवढ्या वेळात ४८०० वेगाने सात अक्षरे निघून जातात, ९६०० वेगाने चौदा. दहाची मर्यादा नेमकी या दोहोंच्या मध्ये पडते. डॉसबॉक्स आणि ड्रायव्हर यांची दिरंगाई यात धरलेलीच नाही, म्हणून ४८०० ला देखील कधीतरी अलार्म येतो.

आपले अ‍ॅडॉप्टर एफटीडीआयचे असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन लेटन्सी टायमर १६ वरून १ वर आणावा आणि वेग ४८०० च ठेवावा. सर्वच अ‍ॅडॉप्टरांच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय नसते, त्यामुळे खरेदी करताना चिप कोणती आहे हे दुकानदाराला आग्रहाने विचारावे. डॉसबॉक्सच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये पहिल्या सिरियल पोर्टपुढे ‘डायरेक्टसिरियल’ हा प्रकार आणि ‘रिअलपोर्ट’ म्हणून विंडोजने दिलेला कॉम क्रमांक आपण लिहिला असणारच, अन्यथा छोटे प्रोग्रॅमही गेले नसते.

एवढे करून काम सुरळीत झाले तरी मोठे प्रोग्रॅम या वाटेने चालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज आपल्या कामासाठी दोन क्षण अडकले आणि अक्षरे यायची थांबली, तर कटर फिरत राहतो आणि जागच्या जागी उभा राहतो. मोल्डच्या तयार पृष्ठभागावर त्याचा व्रण उमटतो आणि तो घासून काढण्यात दिवस जातो. मेमरीत मावणारे छोटे प्रोग्रॅम आधी पूर्ण चढवून मग चालवायचे असतील तर डॉसबॉक्स पुरेसा आहे. जॉब चालू असताना पाठवण्यासाठी मात्र खरा पोर्ट हवा.

खरा पोर्ट मिळणे वाटते तितके अवघड नाही. कार्यालयांतून निघणाऱ्या अनेक जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सिरियल पोर्ट किंवा निदान त्याची दहा पिनांची जागा असते. तिला जोडायची पट्टी स्वस्तात मिळते. हा पोर्ट मदरबोर्डच्याच चिपमधून येत असल्याने ३एफ८ याच पत्त्यावर बसतो. पीसीआय कार्डाचे तसे नसते. त्याला वेगळाच पत्ता मिळतो, आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये पत्ता बदलण्याची सोय असेल तरच ते चालेल. अशा डेस्कटॉपवर फ्रीडॉस टाकावे. १९९४ पासून विकसित होत असलेली ही डॉससारखी मोफत प्रणाली आजही सांभाळली जाते. फक्त त्या संगणकात जुन्या पद्धतीच्या बायोसने सुरू होण्याची सोय असल्याची खात्री करून घ्यावी, कारण यूएफीआय या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीच्या नव्या संगणकांत ती काढून टाकलेली असते. पुढच्या काळातील १६५५० चिपमध्ये सोळा अक्षरांचा बफर आहे, ही गोष्ट काहींना धोक्याची वाटेल, कारण ‘थांबा’ आल्यावरही त्यातली अक्षरे निघून जातील. पण तो बफर प्रोग्रॅमने चालू केल्याशिवाय चालू होत नाही, आणि ८२५० साठी लिहिलेला प्रोग्रॅम तो चालू करत नाही. येथे जुनेपणाच उपयोगी पडतो.

मशीनकडच्या २५ पिनी कनेक्टरात ४ आणि ५ एकमेकांना, तसेच ६, ८ आणि २० एकमेकांना जोडलेले आहेत का, हे नवी केबल करताना पाहावे. ६ क्रमांकाच्या पिनवर संकेत मिळत नसेल तर ०८७ ऐवजी ०८६ अलार्म येतो. केबल काढता-घालताना दोन्ही बाजू बंद ठेवाव्यात, आणि संगणकाचे अर्थिंग मशीनच्याच अर्थिंगला असावे, नाहीतर पोर्टची चिप जळते. हाताशी चालू संगणक आहे तोवर मशीनचे सर्व पॅरामीटर (जुळवणीची मूल्ये) याच पोर्टमधून पंच करून, म्हणजे संगणकात उतरवून, घ्यावेत आणि जुन्या हार्डडिस्कची संपूर्ण प्रत काढावी. कंट्रोलरची बॅटरी बदलताना मशीन चालू असले पाहिजे. बंद असताना ती काढली तर पॅरामीटर पुसले जातात. जुनी मशीन भंगारात जाण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते, आणि ते सहज टाळता येते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाशशोषण मोजणाऱ्या उपकरणासोबत आलेला डॉस प्रोग्रॅम नव्या संगणकावर फ्रीडॉसमध्ये सुरू करताच ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश येऊन बंद पडतो. उपकरणाशी त्याचा संपर्कच होत नाही, असे समजावे का? (कोल्हापूर)

उत्तर : संपर्काची वेळ येण्यापूर्वीच तो बंद पडतो. प्रोग्रॅम टर्बो पास्कल या प्रोग्रॅम लिहिण्याच्या जुन्या साधनात लिहिलेला आहे. त्यातील सीआरटी नावाचा भाग सुरुवातीलाच प्रोसेसरचा वेग मोजतो : घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या झाल्या ते मोजून त्या संख्येला ५५ ने भागतो. प्रोसेसर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचा असला की उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि भागाकारच अडतो. ही चूक दुरुस्त करणारे पॅच उपलब्ध आहेत. मूळ फाईलची प्रत ठेवूनच ते लावावेत.

आपल्या बाबतीत मात्र मी डॉसबॉक्स सुचवेन. त्यात ‘सायकल्स’ची संख्या कमी ठेवली की प्रोसेसर मंद भासतो आणि हा संदेश येत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर एक वाचन पाठवतो आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहतो, त्याला मिलिसेकंदांची घाई नसते, म्हणून यूएसबी अ‍ॅडॉप्टरही चालेल. शिवाय वाचनांच्या फाईली थेट विंडोजच्या फोल्डरमध्ये उतरतात आणि विद्यार्थ्यांना फ्लॉपी शोधत बसावे लागत नाही.

प्रश्न : वजनकाट्याचा डॉस प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवण्यासाठी पेन ड्राइव्हवरून फ्रीडॉस सुरू केले, पण यूएसबी अ‍ॅडॉप्टर दिसतच नाही. (बारामती)

उत्तर : ते तसे दिसणार नाही. अ‍ॅडॉप्टर ३एफ८ या पत्त्यावर नसते आणि डॉसकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. विंडोज किंवा लिनक्सवर डॉसबॉक्स वापरल्यास ते दिसेल. परंतु वजनकाट्याचे बहुतेक इंडिकेटर वजन साध्या अक्षरांत सतत पाठवत असतात. कोणत्याही टर्मिनल प्रोग्रॅममध्ये योग्य वेग निवडून ती अक्षरे वाचता येतात का ते आधी पाहावे. येत असतील, तर पावती छापणारा छोटा नवा प्रोग्रॅम स्थानिक प्रोग्रॅमरकडून लिहून घेणे अधिक टिकाऊ ठरेल. जुन्या प्रोग्रॅममधील गाड्यांच्या आणि वजनांच्या नोंदी त्याआधी मजकूर-फाईलमध्ये काढून घ्याव्यात.