व्हिडिओवरून जॅझ-रॉक पियानो शिकतेयस तर हे वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. जॅझ आणि रॉक पियानोचा व्हिडिओ लावून बसलीयस, धडा चालू असेपर्यंत सगळं जमतंय आणि मोबाईल बाजूला ठेवला की काहीच आठवत नाही, म्हणजे आपल्याला हे येणारच नाही असं तुला वाटायलंय. तसं काही नाही गं. व्हिडिओ चालू असताना तू त्या माणसाची बोटं बघत त्याच्या मागं मागं जात असतेस, सूर डोक्यात जातच नाहीत, मग तो थांबला की तूही थांबणारच की.

म्हणून आधी हे कर, एका वेळी दहा सेकंदांच्या वर बघूच नको. तेवढा तुकडा डोळे मिटून चार-पाच वेळा ऐक, मग तोंडानं म्हण, आणि म्हणता आला तरच पट्ट्यांवर हात ठेव. नाही आला तर परत ऐक, वाजवायची घाई नको. स्पीड पाऊणपट केलीस तरी चालेल, त्यानं सूर उतरत नाही, पण त्याच्याही खाली शक्यतो जाऊ नको, लय इतकी मेल्यावर स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, कळत नाही. आणि त्या रंगीत पट्ट्या वरून खाली पडत येतात ना तसले व्हिडिओ बंदच कर माझं ऐकशील तर. कुठली पट्टी दाबायची तेवढं कळतं, पण कुठं जोर द्यायचा, कुठं उचलायचं, कुठं जरा थांबायचं, ते कानानंच घ्यावं लागतं.

ऐकून शिकणं आपल्या बेळगाव भागाला काय नवीन नाही. कुमार गंधर्व इथले, सुळेभावीचे, जन्म १९२४ चा, लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून ते गाणं जसंच्या तसं म्हणून दाखवायचे. पुढं मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकले आणि मग त्यांचं स्वतःचं गाणं झालं ते सगळं जग जाणतं. तेव्हा नक्कल करतेय म्हणून लाज वाटून घेऊ नको, फक्त ती ऐकून कर, बघून नको.

आता तुझी खरी अडचण सांगतो. तू पेटीवरून आलीस. ज्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारखी पेटी वाजली तिथं तू शिकलीस, तुझा उजवा हात तयार आहे, कान तयार आहे, पण पेटीत डावा हात भाता मारतो, त्याला सुरांचं काम कधी पडलंच नाही. तू पाठवलेल्या क्लिपमध्ये तेच दिसतंय, उजवा हात मस्त पळतोय आणि डावा चार-चार बोटांचे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे सूर, शोधत पट्टीभर उड्या मारतोय.

क्लिपमधला टू-फाइव्ह-वनचा, म्हणजे जॅझमध्ये सारख्या येणाऱ्या तीन कॉर्डच्या चालीचा, तोच धडा घे. पांढरी एकचा, म्हणजे सी चा, सा धर. डी मायनर सेव्हनचे सूर रे म ध सा, त्यातले म आणि त्याच्या वरचा सा एवढेच दोन डाव्या हातानं दाब. आता जी सेव्हन, त्यासाठी म तसाच राहू दे आणि सा चा नी कर. मग सी मेजर सेव्हन, नी तसाच ठेव आणि म चा ग कर. बघितलंस? दर वेळी एकच बोट हललं आणि तेही शेजारच्याच पट्टीवर. हे कॉर्डचे तिसरे आणि सातवे सूर, कॉर्ड कुठल्या स्वभावाचा ते यांच्यावरनं कळतं, खालचा मूळ सूर बासवाला सांभाळतो. बिल इव्हान्स, विंटन केली या जॅझ पियानोवाल्यांचा डावा हात लक्ष देऊन ऐक, मूळ सूर सोडून वाजवलेले कॉर्ड सापडतील. फक्त हे मधल्या सी च्या आसपास वाजव, फार खाली गेलीस तर नुसता गडगडाट ऐकू येतो. पांढरी एकवर बसलं की काळी एक, मग पांढरी दोन, असं करत बाराही पट्ट्यांत ने. सगळे सूर आपोआप वरखाली करणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटणाला हात लावायचा नाही.

स्विंगसाठी तोंडानं तकिट तकिट म्हणत राहा आणि फक्त त आणि ट वर पट्टी दाब, मधला कि गिळायचा. झालं. लय वाढेल तसं हे अंतर कमी होत जातं, ते रेकॉर्ड ऐकून कळेल. आणि पायानं किंवा टाळीनं दुसरी आणि चौथी मात्रा धर, आपल्याला पहिलीवर जोर द्यायची सवय असते म्हणून सुरुवातीला घोळ होईल, होऊ दे.

ब्लूज तुला लवकर येईल. धानी रागाचे सूर घे, सा, कोमल ग, म, प, कोमल नी, त्यात तीव्र म घाल की झाली ब्लूज स्केल. मात्र डावा हात सी सेव्हन वाजवतो तेव्हा त्यात शुद्ध ग असतो आणि उजव्यात कोमल, दोन्ही एकमेकांवर घासतात, आणि ती घासच हवी असते, चूक समजून टाळू नको. कोमल गच्या काळ्या पट्टीवरून बोट तसंच घसरव शुद्ध गवर, पेटीवर कण घेतेस ना, अगदी तसा. आवर्तन बारा बारांचं, एक बार म्हणजे चार मात्रा, त्यात चार बार सा चा कॉर्ड, दोन म चा, परत दोन सा चा, मग एक प, एक म, दोन सा. समेवर यायचं भान तुला आहेच.

रॉकमध्ये बोटांपेक्षा मनगटाचं काम जास्त. १९५० च्या दशकातले लिटल रिचर्ड, जेरी ली लुईस ऐक, त्या वाजवण्याची मुळं बूगी-वूगी या जुन्या ब्लूज पियानोत आहेत, तीच डाव्या हाताची फिरती चाल. मनगट सैल ठेव, कोपराच्या पुढं हात भरून यायला लागला की लगेच थांब, दुखण्यावर रेटून वाजवायचं नाही.

घरचे म्हणतात हे आपलं संगीत नाही, ते मनावर घेऊ नको. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथल्याच वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलं आणि तेच पुढं हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. जुनी हिंदी गाणी ऐकत मोठी झालीस तू, म्हणजे यातलं बरंच कानावरनं गेलेलंच आहे.

एकटीनं मात्र फार दिवस वाजवू नको. गणपतीत ऑर्केस्ट्रा असतो त्यातला कुणी बास गिटारवाला ओळखीचा असेल तर त्याला गाठ, नाहीतर तबलेवाला चालेल. त्याच्याबरोबर नुसतं टू-फाइव्ह-वन अर्धा तास फिरव आणि ते रेकॉर्ड करून मला पाठव, व्हिडिओ नको, नुसता आवाज.

एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड सध्या पुरे, नवीन घ्यायला घरच्यांच्या मागं लागू नको, टच रिस्पॉन्स, म्हणजे जोरात दाबलं की आवाज मोठा येणं, तेवढा चालू आहे का बघ आणि एक सस्टेन पेडल, म्हणजे पाय दाबला की सूर लांबवणारं, घे. पेडल उलटं चालायला लागलं, म्हणजे पाय काढल्यावर आवाज लांबायला लागला, तर दुकानदाराकडं परत पळू नको, कीबोर्ड बंद कर आणि पेडलला पाय न लावता परत चालू कर, बहुतेक वेळा तेवढ्यानं सरळ होतं.

तुझा,
काका