डबा नंतर, आधी दाढी मोज

अरे, पुरुषांना पाती, मोजे, बनियन दरमहा घरपोच पाठवणारा सबस्क्रिप्शन डबा काढतोयस ना? डबा देखणा कर, पण आधी गिऱ्हाईक आठवड्यातून किती वेळा दाढी करतं ते विचार. मी सुरुवातीला सगळ्यांना सरसकट दरमहा रेझरची चार कार्ट्रिज (बदलायची पाती) पाठवायचो. दोनदाच दाढी करणाऱ्यांच्या बेसिनवरच्या कप्प्यात न फोडलेली पाकिटं साठत गेली आणि चौथ्या महिन्यात सबस्क्रिप्शन बंद! मालाला कुणीच नावं ठेवली नव्हती. म्हणून 'रद्द करा'च्या आधी 'या महिन्यात नको' हे बटण ठळक दे.

मोजे हा सोपा माल. फ्री साइज, हलका, परत येत नाही. स्वित्झर्लंडच्या ब्लॅकसॉक्स कंपनीने १९९९ पासून काळ्या मोज्यांवरच धंदा उभा केला. बनियनमध्ये मात्र हात पोळतात. साइज नव्वद की पंच्याण्णव, हे निम्मे पुरुष घरात विचारून सांगतात.

आणि पैसे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑटो-डेबिटच्या (खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या) किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. ती बघूनच माणूस दचकतो नि रद्द करतो. त्या सूचनेच्या दोन दिवस आधी तूच मेसेज टाक, डब्यात काय येतंय ते लिहून. युनिलिव्हरने २०१६ मध्ये घरपोच रेझर पाठवणारा अमेरिकेचा डॉलर शेव्ह क्लब विकत घेतला, ते स्वप्न तूर्त राहू दे. पहिले पन्नास डबे स्वतःच्या हाताने भर. टेपला किती पैसे जातात तेही तेव्हाच कळेल.