गुढीपाडव्यापासून घर आणि रोजचा दिवस सुटसुटीत करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट, तुम्ही आणि नवरा दोघेही नोकरीला, घरात सासूबाई आणि सहावीतली मुलगी. दर 1 जानेवारीला संकल्प होतात आणि संक्रांतीच्या आत बारगळतात. यंदा पाडव्यापासून नीट सुरुवात करायची आहे, तर आधी कपाटं काढू का, असं विचारलंय.

कपाटं नंतर. बहुतेक जण तिथूनच सुरू करतात आणि तिथेच दमतात. कपाट आवरलं की एक रविवार बरा जातो, पण सोमवारी सकाळी सहा वाजता "आज डब्याला काय?" हा प्रश्न जसाच्या तसा उभा असतो. नोकरदार घरात माणूस थकतं ते रोज त्याच त्या गोष्टी नव्याने ठरवून. संकल्प मोडतो तोही याच कारणाने: आधीच भरलेल्या दिवसात आणखी एक काम कोंबलेलं असतं. म्हणून आधी काय बंद करायचं ते ठरवा, मग रोजचे निर्णय एकदाच घेऊन टाका, मग सामान. नवीन संकल्प सगळ्यात शेवटी.

पाडवा निवडलात हे सोयीचं आहे. तो मार्चच्या उत्तरार्धात नाहीतर एप्रिलच्या पूर्वार्धात येतो, म्हणजे आर्थिक वर्षही त्याच सुमारास बदलतं. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत साधारण एक महिना मिळतो, तेवढा पुरे. फक्त मुलीची वार्षिक परीक्षा या दिवसांत असेल तर ती संपेपर्यंत सामानाला हात लावू नका. आधीचं काम कागदावर आणि फोनवर करायचं आहे, त्याने घर विस्कटत नाही.

पहिलं काम: पैसे आपोआप कुठे कुठे जातात ते शोधणं. बँकेचं तेरा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. बाराचं काढलं तर वर्षातून एकदा कापली जाणारी रक्कम काठावर निसटू शकते. दोघांनी आपापल्या खात्यात बसून जे जे पुन्हा पुन्हा कापलं जातं त्याला पेन्सिलने खूण करा. मग यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' (म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी) असा विभाग असतो तो उघडा. दोन-तीन ॲप वापरत असाल तर प्रत्येकात पाहा. कार्डावर दिलेल्या परवानग्या वेगळ्या असतात, त्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर सापडतात. आणि फोनच्या ॲप स्टोअरमधली सबस्क्रिप्शन्स तिसऱ्याच ठिकाणी.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे ॲप काढून टाकलं की वर्गणीही बंद झाली असं धरून चालणं. तसं होत नाही, मॅन्डेट चालू राहतो. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा नियमित वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही. चोवीस तास आधी सूचना येते, पण ती पन्नास एसएमएसच्या गर्दीत कोण वाचतं? उलटी चूकही होते: झपाट्यात रद्द करताना एसआयपी (म्युच्युअल फंडात नियमित जाणारी रक्कम) किंवा विम्याचा हप्ताच उडवला जातो. म्हणून रद्द करण्याआधी प्रत्येक ओळीसमोर 'ठेव' किंवा 'काढ' लिहा आणि जोडीदाराला एकदा दाखवा.

जुन्या नोकरीचं पगार खातं पडून असेल तर तेही याच आठवड्यात बंद करा. दोन वर्षं तुमच्याकडून एकही व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं, मग ते पुन्हा सुरू करायला केवायसीची कागदपत्रं द्यावी लागतात. बंद करण्याआधी इतकं तपासा: त्या खात्यावर एसआयपी किंवा हप्ता आहे का, प्राप्तिकराचा परतावा तिथे येतो का, गॅसचं अनुदान किंवा पेन्शन त्याला जोडलंय का. सासूबाईंच्या खात्याबाबत हे शेवटचं विशेष पाहा.

आता कॅलेंडर. फोनमधलं नव्हे, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं. मराठी घरात दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लावल्याची तारीख आजही तिथेच असते, आणि सासूबाईंना ते वाचता येतं हा मोठा फायदा. त्यावर वर्षभराच्या मुदती एकदाच लिहून टाका, प्रत्येक मुदत तीन आठवडे आधीच्या चौकोनात: गाडीचा विमा, पीयूसी, आरोग्य विमा, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी. पुण्यातला मिळकतकर वर्षाच्या सुरुवातीच्या मुदतीत भरला तर सर्वसाधारण करात सूट मिळते. ही मुदत बिलावर पाहा आणि तीही तशीच तीन आठवडे आधी लिहा. पाइप गॅस असेल तर त्याचं बिल दर महिन्याला येत नाही, दोन महिन्यांचं एकदम येतं, म्हणून ते हमखास विसरतं. क्रेडिट कार्डाची मुदत पगाराच्या आधी येत असेल तर बँकेला सांगून बिलाचं चक्र बदलून घ्या. तशी मुभा बँकेने द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

स्वयंपाकघरावर मात्र नीट वेळ घालवा, रोजचा सगळ्यात मोठा भार तिथेच आहे. संपूर्ण आठवड्याचा मेनू लिहिण्याच्या फंदात पडू नका. पनीर मखनी आणि पास्ता लिहिलेले तक्ते दुसऱ्या बुधवारी फ्रिजवरून खाली येतात. वाराला पदार्थ न लावता फक्त प्रकार लावा, आणि तो भाजी किती दिवस टिकते त्यावरून ठरवा. भाजी शनिवारी संध्याकाळी आणत असाल तर क्रम असा बसतो: रविवार-सोमवार पालेभाजी, मंगळवारी भेंडी-गवार-वांगी, बुधवारी उसळ, गुरुवारी पिठलं किंवा आमटी-भात, शुक्रवारी कोबी, दुधी नाहीतर लाल भोपळा, शनिवारी बटाटा किंवा खिचडी. मेथी आणली की मेथी, चुका मिळाला तर चुका. निर्णय एवढाच उरतो.

गुरुवारी पिठलं का, तर पुण्यात जलवाहिन्यांच्या आणि पंपिंगच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं की महापालिका बहुधा गुरुवार निवडते, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं. दर गुरुवारी होतं असं नाही, पण बातमी आली की धावपळ नको. गुरुवारी कमी भांड्यांचा स्वयंपाक, कपड्यांचं मशीन बुधवारी आणि शनिवारी, एवढं कायमचं ठरवून टाका.

पालेभाजी निवडून ठेवायची, पण धुवायची नाही. ओली जुडी डब्यात घातली की दुसऱ्या दिवशी कडेने काळी पडते आणि तिसऱ्या दिवशी चिकट होते. निवडलेली पानं कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, धुणं चिरायच्या आधी. बुधवारच्या उसळीसाठी मटकी सोमवारी रात्री भिजवा, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. पुण्याच्या उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, ते आले की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर बाहेर राहिली तर आंबूस वास येतो आणि उसळ बुळबुळीत होते. डिसेंबरात उलट, चोवीस तासही लागतात. गठुडं गरम डब्यात किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवलं तर लवकर येतात. चार माणसांच्या एका जेवणाला कोरडी मटकी एक मोठी वाटी पुरते, दुसऱ्या दिवशीचा डबाही त्यातच काढायचा तर दोन.

दळणाचा हिशेब एकदाच करून ठेवा. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या साधारण चाळीस पोळ्या होतात. दोन डबे आणि रात्रीचं जेवण धरून चौघांच्या घरात दिवसाला वीसेक पोळ्या, म्हणजे अर्धा किलो. पाच किलोचं दळण दहा दिवस जातं. पंधरा दिवसांचं, साडेसात किलो, हेच सोयीचं. पावसाळ्यात त्याहून जास्त दळून ठेवलं तर पिठाला वास लागतो आणि पोरकिडे होतात. गिरणीत जाण्याचा वार ठरवा आणि तो भाजीच्या फेरीला जोडा. किराणा, भाजी, दळण, इस्त्रीचे कपडे या चार फेऱ्या आठवड्यात चार वेळा करायच्या ऐवजी शनिवारी संध्याकाळी एकाच रस्त्याने करायच्या. कर्वे रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधण्यात जाणारा वेळ तेवढाच वाचतो.

एप्रिल-मे म्हणजे वर्षाचं तिखट-मसाला आणि गहू-तांदूळ भरण्याचे दिवस. फ्लॅटमध्ये मसाला वर्षाचा भरा, त्याला जागा कमी लागते आणि घरचा तो घरचा. गहू-तांदूळ तीन महिन्यांपलीकडे नकोत. पन्नास किलोची कोठी बाल्कनीचा कोपरा कायमचा अडवते.

फोनबद्दल थोडक्यात. व्हॉट्सॲपचे ग्रुप सोडायची गरज नाही, नातेवाइकांत उगाच चर्चा होते. ग्रुप अर्काइव्ह करा आणि सेटिंगमध्ये अर्काइव्ह केलेले चॅट तसेच राहतील हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप पुन्हा वर. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. शाळेचा आणि सोसायटीचा ग्रुप वर ठेवा. ज्या लग्नाचा ग्रुप होता ते लग्न होऊन दोन वर्षं झाली असतील तर खुशाल बाहेर पडा.

आता सामान. एक नियम आधी सगळ्यांनी मान्य करायचा: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. सासूबाईंची स्टीलची पातेली, नावं घातलेले पेले, माळ्यावरची पितळी भांडी हे त्यांचं खातं आहे. तुम्ही तुमचं कपाट रिकामं केलेलं दिसलं की महिन्याभरात त्या आपणहून दोन डबे काढून देतात, मागितले तर एकही देत नाहीत.

प्लॅस्टिकचे सुबक डबे आणि खण पाडणारे ट्रे आधी विकत आणू नका. आवरायच्या आधी आणलेले डबे हे आणखी सामानच, आणि त्यांच्या मापाने नको त्या वस्तू जपल्या जातात. एका वेळी एक खण घ्या, चाळीस मिनिटांत संपेल एवढाच. अख्खी खोली पलंगावर ओतली की रात्री अकराला सगळं तसंच परत आत जातं. स्वयंपाकघरात पहिली सफाई झाकणांची: सगळे डबे बाहेर, प्रत्येकाला त्याचं झाकण लावून पाहायचं, जोडी नसलेलं काढायचं. अर्ध्या तासात एक फळी मोकळी होते.

बाहेर कुठे द्यायचं ते खण उघडण्याआधी ठरवा, नाहीतर पिशव्या महिनाभर दारामागे राहतात. चांगले कपडे धुऊन, बटणं तपासून एखाद्या संस्थेला. बाकीचे बोहारणीला. पण बोहारीण बदल्यात भांडं देते हे लक्षात ठेवा, साड्यांचा ढीग जाऊन तिसरं पातेलं घरात येतं. तिला एखादा झारा किंवा चिमटा मागा, जो खरंच मोडला असेल तो. रद्दी दर दोन महिन्यांनी. जुनी पाठ्यपुस्तकं रद्दीत घालण्याआधी खालच्या वर्गातल्या कुणाला हवी आहेत का विचारा. गाद्या, जुना मिक्सर, चार्जर रोजच्या कचऱ्यात जात नाहीत. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारा, त्या कुठे द्यायचं ते सांगतात. जुना मोबाइल देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, आधी खात्यातून लॉगआउट आणि मगच रीसेट. क्रम चुकला तर पुढच्याला फोन उघडत नाही आणि तो तुम्हाला शोधत येतो.

"लागेल कधीतरी" असं वाटणाऱ्या वस्तूंचं एक खोकं करा, एकच. चिकटपट्टी लावून वर तारीख लिहा. दसऱ्यापर्यंत ते उघडायची वेळ आली नाही तर न उघडता द्या. उघडलं की अर्ध्या वस्तू परत घरात येतात. यात कागदपत्रं कधीही टाकू नका. फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कायमचं, प्राप्तिकराचे कागद आठ वर्षं, विजेची बिलं वर्षभर. दुकानातली गुळगुळीत कागदावरची बिलं काही महिन्यांत कोरी होतात, त्यामुळे वॉरंटीच्या वस्तूंच्या बिलाचा घेतल्या दिवशीच फोटो काढा.

एवढं झाल्यावर नवा संकल्प. एकच, आणि वेळ-जागेसकट: "व्यायाम करणार" असं नको, "रात्री ओटा पुसून झाला की चप्पल घालून वीस मिनिटं सोसायटीत चालणार" असं. ओटा रोज पुसला जातोच, चालणं त्याच्या मागे लागतं. एकवीस दिवसांत सवय लागते हे ऐकीव आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या 2010 मध्ये छापलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस आले, आणि माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत फरक पडला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा लग्नाला सोलापूरला गेलात आणि तीन दिवस चालणं झालं नाही तर नवीन मुहूर्त शोधू नका, परत आल्या रात्री चप्पल घाला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की डब्यांची वेळ बदलेल, पाऊस आला की पालेभाजी चिखलाची आणि महाग होईल. तेव्हा जूनच्या दुसऱ्या शनिवारी वारांचा तक्ता पुन्हा लिहा, आणि या वेळी मुलीला लिहू द्या. तिने स्वतः लिहिलेल्या वारी दुधी आला तर कुरकुर निम्मी होते.