ईएचटीची आर्क दर वेळी वेगळीच का दिसते? सर्किट बिघडलंय का?

भाऊ, तुमचा प्रश्न मी असा समजलो: भंगारातल्या जुन्या रंगीत टीव्हीचा ईएचटी, म्हणजे पडद्यासाठी हजारो व्होल्ट तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, काढून तुम्ही घरी आर्क काढता, म्हणजे दोन तारांच्या टोकांमधल्या हवेतून वीज वाहवता. ती कधी सुईसारखी बारीक आणि निळी येते, कधी दिव्याच्या ज्योतीसारखी पिवळी आणि वळवळती. एक टोक कायम दुसऱ्यापेक्षा वेगळं दिसतं. तर सर्किटात खोट आहे का, आणि मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर लावला तर आर्क एकसारखी जाड येईल का?

सर्किटात बहुतेक खोट नाही. मीही एका मे महिन्यात असंच समजून दोन ट्रान्झिस्टर उगाच बदलले होते. नागपूरचा मे, म्हणजे खिडकीत कूलर फुल स्पीडवर. टोकं सेंटिमीटरभर लांब नेली की आर्क थरथरायची, तुटायची, पुन्हा पेटायची. रात्री कूलरमधलं पाणी संपलं म्हणून तो बंद केला आणि बाप्पा, तीच आर्क शहाण्या पोरासारखी उभी राहिली! आणखी लांब खेचली तरी तुटेना. सर्किटला मी बोटही लावलं नव्हतं.

झालं काय, तर पहिली ठिणगी आणि तिच्या मागून टिकून राहणारी आर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंड हवा वीज वाहू देत नाही. गुळगुळीत, सपाट पृष्ठभागांमध्ये ती फोडायला सेंटिमीटरला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात. टोकदार तारा असतील तर बऱ्याच कमी व्होल्टवर भागतं. पण ती नेमकी कुठून फुटेल, हे हवेत त्या क्षणी सुटे इलेक्ट्रॉन कुठे सापडतात यावर ठरतं. अनेक फांद्या निघतात, जी आधी पोचते ती जिंकते. स्वयंपाकघरातला गॅस लायटर अंधारात पाच-सहा वेळा दाबून बघा. टोकं तीच, दाब तोच, तरी ठिणगीची वाट दर वेळी थोडी निराळी.

एकदा वाट पडली की तिथली हवा काही हजार अंशांवर जाते, विरळ होते आणि विजेला मग तीच वाट सोपी वाटते. मात्र ही वाट गरम हवेची असल्यामुळे ती वर चढते. म्हणून आडव्या तारांमधली आर्क मध्ये फुगून वाकते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंफ्री डेव्हीने कोळशाच्या दोन आडव्या कांड्यांमध्ये असाच प्रकाश काढून दाखवला, आणि त्या वाकलेल्या आकारावरूनच हे नाव पडलं. वेल्डिंगवाल्याच्या तोंडी रोज असलेला ‘आर्क’ म्हणजे मुळात कमान! कमान वाढत गेली की तेवढी लांबी पोसायला जास्त व्होल्ट लागतात, ते मिळाले नाहीत की ती तुटते आणि सगळ्यात जवळच्या जागी नव्याने पेटते. माझा कूलर हेच करत होता, गरम वाट उडवून लावत होता. तुमच्या खोलीत पंखा चालू असेल तर आधी तो बंद करून बघा.

हंगामाचाही फरक पडतो. डिसेंबरच्या पहाटेची १२ अंशांची हवा आणि मे महिन्यातल्या दुपारची ४५ अंशांची हवा यांच्या घनतेत साधारण १० टक्के फरक असतो. हवा विरळ असली की ती कमी व्होल्टवर फुटते, त्यामुळे उन्हाळ्यात तुमची ठिणगी थोडी लांबून उडी मारेल. पावसाळ्यात मात्र ओलसर धूळ बसलेल्या प्लास्टिकवरूनच वीज गळते.

आता रंग. बारीक निळी-जांभळी रेघ ही हवेतल्या नायट्रोजनची चमक. करंट वाढला की वाट जास्त तापते आणि तारेवरचं काय काय त्यात उतरतं. पिवळेपणात बऱ्याचदा सोडियमचा हात असतो, आणि ते येतं कुठून, तर तुमच्या घामेजल्या बोटांच्या मिठातून. तारेची टोकं पॉलिश पेपरने घासून आर्क बघा, मग सगळं बंद करून टोकांना मिठाचं पाणी लावा, वाळू द्या आणि पुन्हा बघा. तांब्याची तार वितळायला लागली तर हिरवी झाक येते. मच्छर मारायच्या बॅटची ‘फट्’ पांढरी असते, कारण तिथे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, एका झटक्यात रिकामा होतो. ईएचटी थोडा थोडा करंट सतत देत राहतो, म्हणून ज्योत आणि फुसफुस.

एक टोक वेगळं दिसतं ते अगदी बरोबर आहे. रंगीत टीव्हीच्या ईएचटीत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, आतच असतात, बाहेर येतो तो डीसी, एकाच दिशेने वाहणारा करंट. ऋण टोकाला चिकटून निळसर-जांभळा झगझगीत ठिपका असतो, त्यापुढे किंचित अंधारी जागा, मग उरलेली आर्क. दोन्हीकडच्या तारांची अदलाबदल केलीत तरी ठिपका ऋण बाजूलाच राहील.

माझा ढोबळ हिशोब असा की आर्क बेशिस्त नाचत असेल तर हवेवर संशय घ्यावा, आणि ठरावीक तालात लुकलुकत असेल तर सर्किटवर. जाड, सारखी घरघर येत असेल तर इनपुटचा फिल्टर कपॅसिटर कमी पडतोय, मेन्सचे (घरच्या विजेचे) सेकंदाला १०० हेलकावे आर्कमध्ये ऐकू येतात. ‘टक्... टक्...’ असं थांबून थांबून येत असेल तर पॉवर सप्लाय दबतोय किंवा एखादा जोड सैल आहे. मोबाइलच्या फोटोवरून मात्र काही ठरवू नका. एका फोटोत हललेल्या आर्कच्या बऱ्याच वाटा एकावर एक छापल्या जातात आणि जाड पट्टा दिसतो.

राहिला मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर. आर्क जाड येईल, पण तो जोडू नका. २००० व्होल्टच्या आसपास आणि त्यामागे माणूस मारायला पुरून उरेल एवढा करंट, तिथे चूक करून शिकायची सोय नाही. ईएचटीलाही खेळणं समजू नका: एक हात खिशात, आणि टोकांना हात लावण्याआधी सप्लाय काढून, इन्सुलेटेड काठीला बांधलेल्या तारेने दोन्ही टोकं एकमेकांना जोडून. जाड आर्कच बघायची हौस असेल तर एखाद्या वेल्डिंगवाल्याशी ओळख काढा आणि त्याच्याकडून काळी काच मागून घ्या.