वाचक विचारतात : जुने डबे आणि नवा रंग

प्रश्न : दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात म्हैसूरच्या महाराजांचे सॅलून (खास त्यांच्यासाठीचा राजेशाही रेल्वे डबा) खिडकीतूनच पाहावे लागले. आत का जाऊ देत नाहीत? आणि जुन्या डब्यांना दर दोन-तीन वर्षांनी रंग दिला, तर ते उघड्यावरही टिकणार नाहीत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा असल्यामुळे आधी तोच घेतो. रंगरंगोटी झाली की देखभाल झाली, हा आपल्याकडचा रूढ समज लाकडी डब्यांच्या बाबतीत घातक ठरतो. अशा डब्याचा सांगाडा बहुधा सागवानी, त्यावर फळ्या किंवा पातळ पत्रा आणि छतावर रंगाचे हात दिलेले कॅनव्हास असते. दिल्लीच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि सांधे सैल झाले की छताच्या कडेने झिरपलेले पाणी दाराच्या खांबांच्या बुडाशी, पत्र्यामागे साचून राहते. तिथे लाकूड कुजते, पत्रा आतून गंजतो आणि वर मात्र रंग चकचकीत दिसतो. पेचकसाचे टोक दाबले की ते सहज आत शिरते, तेव्हा खरी अवस्था कळते. म्हणून आधी डब्यावर शेड, मग छताची दुरुस्ती आणि रंग सर्वांत शेवटी, हाच क्रम योग्य होय. त्यातही सगळा जुना रंग खरवडण्यापूर्वी एका कोपऱ्यात एकेक थर उघडा करून पाहावा लागतो, कारण डबा मुळात कोणत्या रंगाचा होता याचा पुरावा त्या थरांतच असतो. कुजलेला खांबही अख्खा न बदलता खराब भागच कापून तिथे नवे सागवान सांधणे इष्ट. त्याच आवारातील ‘सर लेस्ली विल्सन’ हे घाटात मालगाड्या ओढणारे विजेचे इंजिन लोखंडी असल्याने काही काळ ऊन-पाऊस सोसेल. लाकडी डब्याकडून ती अपेक्षा करू नये.

आता प्रवेशाविषयी. म्हैसूरचे सॅलून १८९९ सालचे असून त्यात सागवानाबरोबर हस्तिदंत आणि भरजरी कापड वापरलेले आहे. हाताचा घाम, पादत्राणांची धूळ आणि बंद जागेतील गर्दीचा दमटपणा या तिन्हींना बाधतो. लाकडाला जोड देता येतो, पण विरलेले जुने कापड पुन्हा विणून मिळत नाही. तेव्हा खिडकीतूनच, पण सावकाश पाहावे. पुन्हा जाणार असाल तर सोमवार टाळा. त्या दिवशी संग्रहालय बंद असते.