३७०झेड घेतोयस, तर आधी गेज घे

कोल्हापूर

प्रिय दोस्ता,

फोटो पाहिले. पांढरी निस्सान ३७०झेड स्पोर्ट्स कार, सहा गिअरची मॅन्युअल, एकोणीस इंची चाकं. गाडी देखणी आहे, वादच नाही. पण ‘सुपरचार्जर टाकला तर किती बीएचपी वाढेल’ हा तुझा पहिला प्रश्न या पत्रात शेवटाकडे येणार आहे आणि तिथंही त्याला फार जागा मिळणार नाही. निस्साननं या गाडीत ३६९६ सीसीचं व्ही६ इंजिन दिलंय, ७००० आरपीएमला ३३२ हॉर्सपॉवर. पंधरा वर्षांनी त्यातले किती उरलेत आणि उरलेले रस्त्यापर्यंत पोचतात का, हे आधी बघायचं. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी ती पुन्हा करणं, हेच या गाडीचं सगळ्यात मोठं अपग्रेड आहे. त्यातच तुझं पहिलं वर्ष जाईल.

बघायला जाशील तेव्हा इंजिन थंड हवं. मालकाला आदल्या दिवशीच सांग की सुरू करून ठेवू नका, आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर चहा पिऊन ये, दोन तासांनी. पोचे भरलेलं पुटिंग शोधायला लोक मॅग्नेट घेऊन फिरतात, तो इथं फसवतो. या गाडीचं बॉनेट, दोन्ही दारं आणि मागचा हॅच (डिकीचं दार) अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, मॅग्नेट तिथं मुळातच चिकटत नाही. रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून तरी माग, तेही अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं. आणि दाराला पोचा असेल तर लक्षात ठेव, पत्र्यावर हात बसलेला डेंटिंगवाला अ‍ॅल्युमिनियमवर तसाच हातोडा चालवायला गेला की धातू ताणला जातो आणि परत जागेवर बसत नाही.

गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पावसाळ्यात आपल्या भागात होती का, हे विचारच. पंचगंगेचं पाणी तेव्हा कुठवर आलं होतं, तुला सांगायला नको. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, रिळाजवळच्या पट्ट्यावर मातीची रेघ दिसेल. मागच्या हॅचमधला गालिचा उचल, डॅशबोर्डखालचे कनेक्टर टॉर्च मारून बघ. पिना हिरव्या पडल्या असतील तर तिथूनच परत फिर, किंमत कितीही उतरवली तरी. इंजिन धुऊन निघतं, वायरिंग निघत नाही.

आता मुख्य दुखणं. या इंजिनात ऑइलच्या वाटा बंद करणारी दोन छोटी गॅस्केट टायमिंग चेनवरच्या कव्हरच्या मागं, चेनच्याही आत बसतात. सुरुवातीच्या काही वर्षांच्या गाड्यांत ती कागदी होती. उष्णतेनं आणि दाबानं कागद फाटतो, ऑइल आतल्या आत गळून परत संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यात, जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही, डिपस्टिकवर पातळी बरोबर, आणि बेअरिंगपर्यंत मात्र पुरेसा दाब पोचत नाही. डॅशबोर्डवर ऑइलचं तापमान दाखवणारा काटा आहे, दाब दाखवणारा नाही. म्हणून बहुतेकांना हे फार उशिरा कळतं: इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर कॅम टायमिंगचे पी००११ किंवा पी००२१ कोड येतात.

त्यासाठी ऑइलचा दाब मोजणारं गेज लावायचं. इंजिन पुरतं गरम कर, ऑइल ८० अंशांवर येऊ दे, मग बंद करून ऑइल प्रेशरचा सेन्सर काढ आणि त्या जागी यांत्रिक गेज लाव. आटे १/८ बीएसपीटीचे (ब्रिटिश मापाचे) असतात. बाजारातली बरीचशी गेज १/८ एनपीटीची (अमेरिकी मापाची) येतात, दिसायला अगदी तीच, दोन फेरे बसतातही, आणि मग ब्लॉकचे आटे खराब होतात. अ‍ॅडॉप्टर आधी घे. गरम इंजिनवर आयडलला (गाडी उभी, पाय एक्सलरेटरवर नाही) किमान १४ पीएसआय आणि २००० आरपीएमला किमान ४३ पीएसआय हवा. आयडलला काटा दहाच्या खाली लोळत असेल तर गॅस्केट गेलीत असं धरूनच भाव कर.

काम मोठं आहे, पण अवघड जागी फक्त कंटाळा आहे, जादू काही नाही. रेडिएटर, बेल्ट, पुढचं कव्हर, चेन, मग आतलं कव्हर, आणि त्यामागं ती गॅस्केट. नवी धातूची मिळतात, तीच घालायची. एवढं उघडलंय तर क्रँकचं पुढचं सील, चेनचे टेन्शनर आणि वॉटर पंपही बदल. पंप याच चेनवर फिरतो, तो पुढच्या वर्षी गळायला लागला तर हा सगळा खटाटोप पुन्हा. कव्हर बसवताना आपले मिस्त्री सिलिकॉन सढळ हातानं लावतात. तिथं उभा राहा. बारीक, सलग एकच वळी हवी. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतं, तुटून ऑइलमध्ये पडतं आणि पंपाच्या जाळीत अडकतं. मग दाब पुन्हा कमी, आणि सगळे म्हणणार नवी गॅस्केट खराब निघाली.

दुसरं दुखणं क्लचचं. क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसतो, आणि त्याचं अंग प्लास्टिकचं आहे. तो गळायला लागला की पेडल मऊ लागतं, आणि मग एक दिवस सिग्नलवर दाबलेलं पेडल खालीच राहतं. क्लच ऑइलच्या डबीचं झाकण उघड. ऑइल शाईसारखं काळं किंवा पातळी उतरलेली असेल तर दिवस भरत आलेत. बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळं भाग स्वस्त आणि मजुरी महाग. तसाच प्लास्टिकचा भाग पुन्हा घालू नकोस. संपूर्ण धातूचा मिळतो, किंवा स्लेव्ह सिलिंडर बाहेर आणणारं किट मिळतं. घाटात उन्हाळ्यात चालवणार असशील तर दुसरा पर्याय बरा, कारण पुढच्या वेळी गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. बॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील एकाच खेपेला. गिअर ऑइल जीएल-४ प्रतीचं ७५डब्ल्यू-८५, तीन लिटर आणून ठेव. दुकानदार जीएल-५ पुढं करेल आणि म्हणेल ‘वरच्या नंबरचं आहे’. त्यातली रसायनं गिअर जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळेला त्रास देतात.

फ्लायव्हील मात्र उद्यमनगरातल्या लेथवाल्यांकडं तासायला देऊ नकोस. मूळचं फ्लायव्हील दोन तुकड्यांचं, मधे स्प्रिंग असलेलं आहे. ते लेथवर चढवायची वस्तू नाही. खराब असेल तर नवं. एकसंध हलकं फ्लायव्हील घेतलंस तर गाडी आयडलला खडखडेल. बिघाड नसतो तो, पण रोज ऐकावा लागतो.

उद्यमनगरचा विषय निघालाच आहे. आपल्या गावाचं हे खरं भाग्य आहे: पुण्यात आठवडा लागेल ते इथं संध्याकाळपर्यंत होतं. हायड्रॉलिक प्रेसवर जुने बुश काढून नवे बसवणं, ऑइल कूलरचे ब्रॅकेट, गेजचे अ‍ॅडॉप्टर, गेलेल्या आट्यांत हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी), हे सगळं बिनधास्त करून घे. व्हील स्पेसरसुद्धा (चाक बाहेर सरकवणारी चकती) चांगला लेथवाला करून देईल, पण माप तू द्यायचंस: मधलं भोक ६६.१ मिलीमीटर, बोल्टचं वर्तुळ ५ बाय ११४.३, माल ६०६१-टी६ प्रतीचं अ‍ॅल्युमिनियम. ‘अ‍ॅल्युमिनियम आहे ना’ एवढ्यावर भागवू नकोस, ओतीव तुकड्याचा स्पेसर तडकतो. ब्रेकच्या कॅलिपरची सीलं, चाकाचे स्टड, इंजिनातले बोल्ट यांचा ‘सेम टू सेम’ मात्र कधीच नको, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. चाकाचे नट १०८ न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचनं आवळ. टायरवाल्याची हवेची गन मनाला येईल तसं आवळते, मग स्टड ताणले जातात आणि डिस्क वाकड्या होतात.

तापमानाचं बघ. वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना एप्रिलमध्ये ऑइलचा काटा ११५-१२० ला सहज जातो. १३८ च्या आसपास गेला की कॉम्प्युटर आपणहून इंजिनची ताकद कापतो. सुरुवातीच्या गाड्यांना ऑइल कूलर नव्हता. रस्त्यासाठी १९ ओळींचा पुरे. ३४ ओळींचा ट्रॅकसाठी, आपल्याकडं पावसाळ्यात तो ऑइल गरमच होऊ देणार नाही. सँडविच प्लेट (ऑइल फिल्टरखाली बसणारी, ऑइल कूलरकडं वळवणारी) थर्मोस्टॅटचीच घे, म्हणजे ऑइल ८० च्या पुढं गेल्यावरच कूलरकडं वळेल. फिल्टरसह ४.९ लिटर ऑइल लागतं, ५डब्ल्यू-३०; कूलर आणि पाइप भरायला त्यावर आणखी जरा धर. पहिल्यांदा सुरू करून बंद केल्यावर पातळी पुन्हा बघायची, हे विसरूच नको.

चढताना ऑइल, तर उतरताना ब्रेक. गगनबावड्याहून खाली जाताना दीड टनाची गाडी फक्त पेडलवर उतरवलीस तर जुनं ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल स्पंजासारखं होतं. ताज्या डॉट-४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलावा शोषलेल्याचा किमान १५५. आपल्या दमट पावसाळ्यात ओलावा त्यात लवकर शिरतो, म्हणून दरवर्षी, दसऱ्याच्या आसपास बदल. स्पोर्ट पॅकेजच्या गाडीला पुढं ३५५ मिलीमीटरच्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर आहेत. ते पुरेसे आहेत. मोठ्या ब्रेकच्या किटवर पैसे घालू नकोस; चांगले पॅड, ताजं ऑइल आणि वेणीदार स्टीलचे होज एवढंच कर.

सस्पेन्शनमध्ये आधी पुढच्या कॉम्प्रेशन आर्मचे बुश बघ. त्यांच्यात द्रव भरलेला असतो. फुटले की आजूबाजूला काळपट ओल दिसते, ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं. लोक टायर बॅलन्सिंग करत बसतात. मागं डिफरेन्शियलचा बुशही असाच गळतो, आणि गिअर बदलताना धप्प आवाज येतो. टायर पुढं २४५/४०, मागं २७५/३५, दोन्ही १९ इंची. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी इतक्या जुन्या रबरावर पावसात ही गाडी मागून निसटते, आणि ऊस तोडणीच्या हंगामात तर पाचट आणि चिखल रस्त्यावर असतोच. हवा चारही चाकांत ३५ पीएसआय, थंड असताना.

गाडी खाली बसवायचा मोह होईल. जमिनीपासूनचं अंतर मूळचंच सव्वाशे मिलीमीटरच्या आत आहे. गावाकडचे बिनरंगाचे स्पीडब्रेकर आठव. शिवाय स्प्रिंग कापल्या किंवा बुटक्या घातल्या की मागची चाकं आतल्या बाजूला कलतात, मूळ बोल्टवर तेवढं अ‍ॅडजस्टमेंट नाही, आणि महागडे टायर आतून दोऱ्यापर्यंत झिजतात. बाहेरून बघणाऱ्याला नवेच वाटतात.

पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचं भर. त्याहून कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागं घेतो आणि विकत घेतलेली ताकद टाकीतच राहते. इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतून जातं, त्याचा अभिमान जरूर बाळग, पण ते पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेव, आणि जुने इंधनाचे होज वर्षाला तपास. लांब वळणावर जोरात चालवायची असेल तर टाकी अर्ध्याच्या वर हवी, नाहीतर पंपाला पेट्रोल कमी पडतं.

बरं, ताकद. हाय-फ्लो कॅटलिस्ट, फिल्टर आणि नीट ट्यूनिंग मिळून फार तर वीस-पंचवीस हॉर्सपॉवर. नुसता सायलेन्सर बदललास तर आवाज वाढतो, तोही या इंजिनावर कर्कश, आणि पोलिस असल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, ११:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनावर इंधनव्यवस्था, ट्यून आणि क्लचसकट येतो. वरचं सगळं झाल्यावर, दोन वर्षं गाडी चालवल्यावर विचार.

कागदपत्रांत एवढंच बघ: पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवलेली हवी. देशी कारला ५,००० रुपये शुल्क, आयात केलेल्या कारला ४०,००० (गाडी वीस वर्षांच्या आतली धरून), वर पर्यावरण कर. हे मालकानं भरलेलं नसेल तर किमतीतून वजा कर. रंग बदललेला असेल तर आरसी बुकात तो चढलाय का तेही बघ. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कडक बंधन आहे, म्हणून जुन्या मालकानं काढलेले मूळ भाग असतील तर तेही मागून घे.

भाग शोधताना फक्त ३७०झेडच्या नावानं शोधू नकोस. हेच इंजिन परदेशात इन्फिनिटी जी३७ मध्येही होतं, आणि त्या नावानं कितीतरी वस्तू स्वस्त दिसतात. पार्ट नंबर जुळवूनच मागव.

शनिवारी जाताना टॉर्च, स्कॅनर, गेज आणि तो अ‍ॅडॉप्टर घेऊन जा. टोकन देण्याआधी गरम इंजिनचे दोन्ही आकडे, आयडलचा आणि २००० चा, फोटो काढून मला पाठव.